विनंत्यांमधील स्मृती : वेबपृष्ठावरील स्थितिजतनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दप्तरांच्या अभ्यासकाला दोन प्रश्न सतत भेडसावतात. नोंद कोणाजवळ राहिली आणि तिच्या खरेपणाची हमी कोणी दिली? १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनची चौकशी झाली, तेव्हा इनामदाराच्या हातातील सनद सरकारी दप्तराशी ताडून पाहिली गेली. वेबच्या इतिहासातही हेच दोन प्रश्न वेगळ्या रूपात उभे राहिले. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

स्मृतिहीन संकेतप्रणाली :
टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न येथे वेबचा प्रस्ताव मांडला. त्यातून आकारास आलेली एचटीटीपी ही प्रणाली प्रत्येक विनंती स्वतंत्र मानते. उत्तर दिले की सर्व्हर संबंधित वाचकाला विसरतो. दस्तऐवज वाचण्यापुरते हे सोयीचे होते; परंतु खरेदी, अर्ज आणि नोंदणी वेबवर येताच विस्मरण अडचणीचे ठरले. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकीची योजना केली. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये अर्जातील अदृश्य रकान्याची तरतूद होती. १९९६ अखेरीस आलेल्या एएसपीने 'सेशन'द्वारे सर्व्हरवरच वापरकर्त्याची माहिती ठेवण्याची सोय दिली. अशा रीतीने दप्तरातील स्मृती आणि कागदासोबत फिरणारी स्मृती असे दोन प्रवाह निर्माण झाले.

व्ह्यू स्टेट आणि कस्टम कंट्रोल :
२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी डॉट नेट प्रसिद्ध केले. त्यातील व्ह्यू स्टेट हे दुसऱ्या प्रवाहाचे विकसित रूप होय. प्रत्येक विनंतीला पृष्ठावरील कंट्रोल नव्याने निर्माण होतात आणि उत्तर गेल्यावर नाहीसे होतात. त्यामुळे प्रोग्रामरने स्वतः तयार केलेल्या कंट्रोलच्या प्रॉपर्टीचे मूल्य केवळ खासगी चलात ठेवल्यास ते पुढील विनंतीपर्यंत टिकत नाही. तेच मूल्य व्ह्यू स्टेटच्या संचात लिहिले, तर ते बेस ६४ पद्धतीने संकेतबद्ध होऊन अदृश्य रकान्यातून ब्राउझरकडे जाते व अर्जासोबत परत येते. आरंभीकरणाचा टप्पा संपल्यानंतर झालेले बदलच नोंदले जातात. तसेच प्रोग्राममधून जोडलेला कंट्रोल पुढील विनंतीत पुन्हा निर्माण करावा लागतो, अन्यथा परत आलेल्या मूल्याला धनी उरत नाही.

या सोयीची किंमतही होती. मोठ्या तक्त्याचा मजकूर प्रत्येक फेरीत जाऊन-येऊन पृष्ठाचा भार वाढे. म्हणून प्रोग्रामर व्ह्यू स्टेट बंद ठेवत आणि मग कंट्रोलचे आवश्यक कार्यही बिघडे. यावर उपाय म्हणून २००५ च्या २.० आवृत्तीत पृष्ठकर्त्याला बंद न करता येणारी 'कंट्रोल स्टेट' आली.

मोर्तबाचा प्रश्न :
बेस ६४ हे केवळ लिप्यंतर आहे, गुप्तलेखन नव्हे. वापरकर्त्याच्या हाती गेलेली नोंद बदलली जाऊ शकते. जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब करून मागाहून मजकूर वाढविण्यास आळा घालीत. व्ह्यू स्टेटवर हेच काम सर्व्हरजवळील गुप्त किल्लीने सिद्ध होणारी मुद्रा करते. सप्टेंबर २०१० मध्ये या व्यवस्थेच्या गुप्तलेखनातील गंभीर दोष उघड झाला. २०१४ च्या ४.५.२ आवृत्तीपासून मुद्रेची तपासणी बंद ठेवण्याची मुभाच काढून घेण्यात आली. जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंट सर्व्हरवरील हल्ल्यांत किल्ल्याच चोरीस गेल्या. शिक्काच चोराच्या हाती पडल्याने बनावट व्ह्यू स्टेट अस्सल ठरू लागले. दोष दुरुस्त केल्यावरही किल्ल्या बदलणे अनिवार्य झाले.

वारणेचा अनुभव :
कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी १९९८ मध्ये वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी निगडित माहिती गावातील संगणक केंद्रावर मिळावी, असा त्याचा एक हेतू होता. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या प्रयोगात काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाचा वापर झाला. येथे शेतकऱ्याचा प्रत्येक संदेश स्वयंपूर्ण होता. उसाची अधिकृत नोंद संस्थेच्या दप्तरी राहिली, शेतकऱ्याच्या हाती फक्त तिची प्रत आली. मधल्या स्थितीचे ओझे कोणालाच वाहावे लागले नाही.

निष्कर्ष :
२०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये वेब फॉर्म्स व त्यासोबतचे व्ह्यू स्टेट वगळण्यात आले. तथापि मूळ डॉट नेट फ्रेमवर्कवरील जुन्या प्रणालींत ते शिल्लक आहे. अशा प्रणाली सांभाळणाऱ्या संस्थांनी किल्ल्यांचे रक्षण हे दप्तररक्षणाइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे. तंत्र बदलले तरी अध्यापनात मूळ सूत्र कायम राहते : जी नोंद परक्याच्या हातून परत येते, ती ताडून पाहिल्याखेरीज ग्राह्य धरू नये.