दोन डोळ्यांपलीकडचे स्वतंत्रपूर

गोव्यात तुरुंग म्हटला की आग्वादचा किल्ला आठवतो. पोर्तुगिजांनी तिथे स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते. उंच भिंत, जाड दार, पहारा, एवढीच तुरुंगाची आपली कल्पना.

ती मोडणारा प्रयोग १९३९ साली आटपाडीजवळ झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन यांनी शिक्षा झालेले कैदी तुरुंगातून काढून माळरानावर वसवले. भोवती भिंत नाही, पायांत बेड्या नाहीत. कैद्यांनी शेती करून राहायचे. वसाहतीचे नाव स्वतंत्रपूर.

त्याच भागातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याने रौप्य अस्वल मिळवले.

चित्रपटात सहा खुनी कैदी आणि आदिनाथ हा जेलर. त्याच्या डोळ्यांची जरब कैद्यांना पळू देत नाही. तो मरतो, तरी ते डोळे त्यांच्या मनातून जात नाहीत. पडद्यावर हे शोभते. पण एकाच माणसाच्या नजरेवर उभी राहिलेली सुधारणा त्याच्यामागे किती दिवस टिकणार?

खऱ्या स्वतंत्रपूरने याचे उत्तर दिले आहे. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. पुढे राजे गेले, फ्रिडमनही गेले. वसाहत मात्र चालू राहिली, कारण तिथे कैद्याच्या हाती जमीन आणि काम होते आणि सोबत घरची माणसे राहू शकत होती. चांगला जेलर नशिबाने भेटतो, चांगली व्यवस्था मात्र उभारावी लागते.