भाग २३ : विमानाचे माइल्स आले कुठून, गेले कुठे?

आजच्या भागाचं निमित्त घरचंच आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या क्लायंटच्या ऑफिसला पुणे-दिल्ली अशा बऱ्याच चकरा झाल्या. तिकीट कंपनी काढायची, माइल्स माझ्या नावावर जमा व्हायचे. सोळा हजारांच्या पुढे गेले होते. आई-बाबा कधी विमानात बसले नव्हते. बाबांची सगळी नोकरी एसटीत गेली, त्यामुळे आमचा प्रवास म्हणजे पास. ठरवलं होतं की याच माइल्सवर दोघांना नागपूरहून दिल्लीला न्यायचं. बाबा म्हणायचे, ‘अरे, पास हातात आहे तर वापरून घे.’ मी म्हणायचो, अजून थोडे साठू देत. एके दिवशी ॲप उघडलं तर शिल्लक शून्य. मुदत संपली होती. कस्टमर केअरवाल्या ताईंनी फार गोड आवाजात सांगितलं की नियम पहिल्यापासून लिहिलेलाच आहे. खरंच होता, मीच वाचला नव्हता.

राग आला, मग कुतूहल वाटलं. जे माझं होतं असं मला वाटत होतं, ते नेमकं होतं काय?

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९७८ पर्यंत तिकडे देशांतर्गत विमानाचं भाडं आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवायचं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि सगळ्या कंपन्या एकमेकींच्या अंगावर धावल्या. भाडी घसरली. आता प्रवासी दुसरीकडे जाऊ नये म्हणून काय करायचं?

इथे मला सगळ्यात आवडणारा भाग येतो, कारण उत्तर एका डेटाबेसमध्ये होतं. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे एक विक्री अधिकारी ब्लेअर स्मिथ लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाताना योगायोगाने शेजारी बसले. त्या गप्पांमधून पुढे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण यंत्रणा उभी राहिली. १९८१ येईपर्यंत तिच्यात बुकिंगचा प्रचंड साठा होता, पण सारखं उडणारा माणूस कोण हे शोधायचं कसं? एकाच नावाची हजार माणसं असतात. म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर शोधले. आपल्या भाषेत सांगायचं तर बुकिंगच्या टेबलवर ‘ग्रुप बाय फोन नंबर’. त्यातून नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी निघाली आणि मे १९८१ मध्ये ‘ॲडव्हांटेज’ नावाची योजना सुरू झाली. युनायटेडने काही दिवसांतच आपली आणली. डेल्टा, टीडब्ल्यूए त्याच वर्षी मागोमाग आल्या.

हिशेब साधा होता. विमान उडणारच आहे, सीट रिकामी जाणारच आहे, मग ती नेहमीच्या माणसाला दिली तर खर्च जवळपास नाहीच. पण १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर क्रेडिट कार्ड निघालं आणि खेळ बदलला. आता बँक विमान कंपनीकडून माइल्स विकत घेऊन आपल्या ग्राहकांना वाटू लागली. म्हणजे विमान कंपनी एक चलन छापते, ते विकते, आणि त्या चलनाची किंमत नंतर कधीही स्वतःच ठरवते. आपली रिझर्व्ह बँकसुद्धा इतकी मोकळी नाही हो!

चलन कसं पातळ झालं त्याचंही उदाहरण आहे. २०१५ मध्ये डेल्टाने किती अंतर उडलात याऐवजी किती पैसे खर्च केलेत यावर माइल्स द्यायला सुरुवात केली, आणि कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचे ठरलेले तक्तेही काढून टाकले. इतरांनी तोच रस्ता धरला. नाव माइल, पण मैलाशी संबंध संपला. आणि २०२० मध्ये कोविडने विमानं जमिनीवर आणली तेव्हा युनायटेडने कर्जासाठी काय तारण ठेवलं? आपली माइल्सची योजना. तिची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली गेली, अख्ख्या कंपनीच्या तेव्हाच्या बाजारमूल्यापेक्षा जास्त.

आता आपल्याकडे या. १९५३ मध्ये विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं देशात फिरायचं तर इंडियन एअरलाइन्स. दुसरा पर्यायच नाही तर निष्ठा विकत कशाला घ्यायची? जेट एअरवेज ५ मे १९९३ ला उडाली, १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला, आणि मग मुंबई-दिल्ली मार्गावरचा ऑफिसवाला माणूस सगळ्यांना हवा झाला. तिकीट त्याची कंपनी काढते, बक्षीस त्याला मिळतं. माझ्यासारखंच.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर बंद पडली आणि लोकांच्या खात्यातले माइल्सही तिच्याबरोबर गेले. जेटची गोष्ट मात्र विचित्र आहे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसर-मुंबई हे तिचं शेवटचं विमान उतरलं. कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, प्रवाशांच्या तिकिटांचे पैसे अडकले होते. माइल्स तेवढे वाचले! कारण ती योजना आधीच वेगळ्या कंपनीत नेली होती आणि २०१४ पासून तिच्यात निम्म्याहून थोडा जास्त वाटा एतिहादचा होता. पुढे तिचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं. विमान उरलं नव्हतं, पण माइल्स होते. माणूस गेला आणि त्याची सही बाजारात फिरत राहिली, असला प्रकार.

इंडिगोने २००६ मध्ये सुरू होताना हा मोह टाळला: स्वस्त तिकीट, वेळेवर विमान, बाकी लाड नाहीत. क्रेडिट कार्डाचा अपवाद सोडला तर स्वतःची ‘ब्लूचिप’ योजना आणायला तिने २०२४ उजाडू दिलं. बाजाराचा मोठा हिस्सा हातात आल्यावर. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट्स तिकडे वळवले गेले.

हे सगळं वाचल्यावर मी बाबांच्या नियमावर आलो. आता तिकीट काढताना आधी एक भागाकार करतो. रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावरही भरावे लागणारे कर वजा करायचे आणि उरलेल्याला माइल्सने भागायचं. समजा रोख भाडं ६,४०० आहे, आणि माइल्सने काढलं तर ८,००० माइल्स अधिक ९०० रुपये. म्हणजे एक माइल ६९ पैशांना गेला. दिवाळीच्या आठवड्यात तेच भाडं ११,३०० झालं आणि माइल्स १०,००० लागले, तर एक माइल १ रुपया ४ पैशांना. अशा वेळी माइल्स, एरवी रोख. ऑफर लागलेल्या स्वस्त तिकिटावर माइल्स उडवणं म्हणजे नुकसान, आणि बऱ्याच जणांचं तेच होतं. अजून एक गोष्ट: मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आत्ता, हा भाग पॉज करून.

गेल्या दिवाळीनंतर पुन्हा साठलेले माइल्स मी एकदाच काढले. नागपूर-दिल्ली, दोन सीट, बाबांना खिडकी. उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कितीला पडलं?’ मी म्हटलं, दोघांचे मिळून अठराशे रुपये, नुसते कर. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘मग पासच झाला की.’

आई म्हणाली, परत येताना खिडकी माझी.