साहित्य आणि अर्थविचार

अर्थविचाराला साहित्याची जोड देणे म्हणजे आकडेवारीला लालित्याची झालर लावणे नव्हे. माणूस एखादा निर्णय का घेतो, हे मुळातून विचारण्याची ती रीत आहे. बाल्झाकच्या ‘पेर गोरिओ’ (1835) या कादंबरीत वोत्रँ हा बेरकी इसम कायद्याच्या गरीब विद्यार्थ्याला, रास्तिन्याकला, रोखठोक हिशोब मांडून दाखवतो: वकिलीत आयुष्य झिजवले तरी हाती पडेल ते बेताचेच, श्रीमंत बापाची मुलगी व्हिक्टोरीन हिच्याशी लग्न केले, तर दहा लाख फ्रँकची मालमत्ता एकदम पदरात. श्रमापेक्षा वारसा फायद्याचा ठरणाऱ्या समाजाचे सूत्रच हे. तोमा पिकेती यांनी ‘एकविसाव्या शतकातील भांडवल’ (2013) या ग्रंथात विषमतेच्या विवेचनासाठी हाच प्रसंग घेतला.

कादंबरी कल्पित असते आणि एका पात्रावरून समाजाचे अनुमान काढता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण पिकेती यांनी निष्कर्ष बाल्झाकवर सोडला नाही. त्यासाठी वारसा व करांची दप्तरे तपासली. पुरावा दप्तराचा, प्रश्नाची धार साहित्याची. महाराष्ट्रातही हीच जोड दिसते: सावकारांविरुद्धच्या 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर सरकारी आयोगाने शेतकऱ्यांच्या कर्जाची चौकशी केली. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (1883) या कर्जामागच्या दारिद्र्याची सांगड सारा, धर्मविधींवरील खर्च, निरक्षरता आणि सरकारी नोकरवर्गातील ब्राह्मणांच्या वर्चस्वाशी घातली. निव्वळ कर्जाच्या आकड्यांत जात दिसत नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात फुल्यांचा हा ग्रंथ पूरक वाचन म्हणून नव्हे, मूळ साधन म्हणून असायला हवा.