कच्चा लिंबू

खेळात लहान पोर आलं की आपण त्याला कच्चा लिंबू ठरवतो. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य नाही. पोर खूश, मोठेही मोकळे. पण अठरा वर्षांचा दांडगा गडी कच्चा असला तर त्याचं काय करायचं? शीव कोळीवाड्यात माझ्यामुळं मंडळाला हा प्रश्न पडला.

1977 ला मी दहावी झालो. दोन वर्षं माणच्या माळावर बाजरी आणि मेंढरं केली, मग मामांकडं मुंबईला गेलो. शीव म्हणजे हद्द, आपल्या शिवारात असते तीच. इथं मुंबईचं बेट संपायचं आणि खाडीपलीकडं साष्टी लागायची. मूळ वस्ती कोळ्यांची. फाळणीनंतर लष्कराच्या बराकींत पंजाबी निर्वासित आले. त्यात आम्ही घाटावरचे, कोकणातले गिरणीवाले. या सगळ्यांची पोरं संध्याकाळी एका मैदानावर यायची, ती कबड्डीला.

सकाळी बदली कार्ड घेऊन गिरणीच्या दारात उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. संध्याकाळी मैदान. गावाकडं हुतूतू खेळलेला मी. अंगात ताकद होती, अक्कल नव्हती. मंडळातले जुने म्हणायचे, "स्पर्धा तोंडावर आलीय. ह्या कच्च्यांत खेळून आपला खेळ बिघडतो." गोदीत कामाला असलेले एक कोळी दादा मात्र आमच्यात उतरायचे.

इथं थोडं जुनं सांगितलं पाहिजे. कबड्डीचे नियम छापून बडोद्यात मोठी स्पर्धा झाली ती 1923 ला. 1936 ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ परदेशात दाखवला. जुने प्रकार तीन. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर. संजीवनीत समोरचा बाद झाला की आपला एक जिवंत होतो. आजची कबड्डी हीच. आणि अमरमध्ये बाद झालेला बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजायचा. आता बघा, गामिनीत कच्चा गडी पहिल्या चढाईत जातो आणि उरलेला वेळ धूळ बघत बसतो. म्हणून दादा आम्हाला अमर खेळवायचे. वीस वेळा बाद झालो तरी एकविसाव्यांदा समोर उभा. आणि चढाई पुऱ्या जोराची. "हळू आलो तर तू खोटंच शिकशील," म्हणायचे.

स्पर्धेला बारा दिवस होते. दादा चढाईला आले, मी उजव्या कोपऱ्यातून झेपावलो. धरायचा होता घोटा, मी सगळ्या अंगानिशी गुडघ्यावर आडवा पडलो. गुडघा फिरला. दादा ओरडले नाहीत, नुसते खाली बसले. स्पर्धेत ते रेषेबाहेर, आणि आमचा संघ पहिल्याच फेरीत गेला. जुने म्हणाले, "आम्ही सांगत होतो." खोटं नव्हतंच ते. कच्च्याच्या चुकीची किंमत पक्क्याच्या हाडानं भरली होती.

मग मंडळानं ठरवलं, नवख्यांनी आपापसात खेळायचं. आम्ही चार महिने तसं खेळलो. चुकीची चढाई चुकीच्या पकडीत सापडायची, आणि आम्हाला वाटायचं, जमलं! त्या वेळी गिरणीत मी रोज वेगळंच बघत होतो. साचेवाल्याची मजुरी कापडावर. शिकाऊ शेजारी घेतला की कापड कमी उतरायचं. तरी घ्यायचे. तेही कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच शिकले होते.

चार महिन्यांनी दादा पट्टी बांधून आले. कुणाला न विचारता आमच्या बाजूला वळले, मला म्हणाले, "ये, तोच पाय धर. पण घोट्याला." माझे हात थरथरत होते. त्या संध्याकाळी मी तो पाय दहा वेळा धरला असेल.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. मी गावी आलो तो शेतीतच राहिलो. 1990 ला बीजिंगच्या आशियाई खेळांत भारतानं कबड्डीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा गावातली पोरं माझ्याकडं यायला लागली. मुलगा म्हणतो, "आबा, आता वयाकडं बघा." मी आठवड्यातून तीन दिवस उतरतो, स्पर्धेआधीचे पंधरा दिवस मात्र पक्क्यांना वेगळं खेळवतो, तेवढं जुन्यांचं मी मानलं. नव्या पोराला चढाई शेवटी, आधी पकड आणि पडायचं कसं ते. कुणी गुडघ्यावर आडवा यायला लागला की मी दम तोडून ओरडतो, "घोटा!" दम तुटला म्हणून पोरं मलाच बाद देतात.