पाकिटाने अडविलेली गोळी

"मुद्दाम केलंस, की चुकून झालं?" हा प्रश्न शाळामास्तराला किती वेळा विचारावा लागतो, ह्याची मोजदाद नाही. आमच्या आष्ट्यात चिंचा गाभुळल्या की पोरांचे हात दगडाकडे वळतात. एकदा असाच एक दगड एका मुलाच्या कानाजवळून सूं करीत गेला. मारणाऱ्याला उभा केला, तर तो निवांत म्हणाला, "मास्तर, लागला कुठं त्याला?"

मी छडी खाली ठेवली. कारण हाच प्रश्न १९३२ साली मुंबईच्या हायकोर्टापुढे आला होता, आणि तो दगडाचा नव्हता.

वाचकांना हॉटसन-गोगटे हे नाव ऐकून ठाऊक असेल. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरावर मार्शल लॉ बसला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्यात फाशी झाली. महाराष्ट्र आतून जळत होता. त्या वेळी सरकारच्या गृहखात्याचा कारभार पाहणारे सर अर्नेस्ट हॉटसन पुढे गव्हर्नर सायक्स रजेवर गेले तेव्हा त्यांच्या जागी बसले, आणि २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाहुणे म्हणून आले. वाडिया ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटांमध्ये कॉलेजचाच एक विद्यार्थी उभा होता, वासुदेव बळवंत गोगटे. त्याने रिव्हॉल्व्हर काढले आणि अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या.

हॉटसनसाहेबांना इजा झाली नाही! खिशात चामड्याचे पाकीट होते, त्यात नोटा होत्या. गोळी त्यात अडली. लोक सांगतात की पाकिटाच्या धातूच्या बटणावरच ती आपटली. काडतुसातली दारू कमजोर असावी, असाही एक तर्क होता. साहेबांनी स्वतःच त्या पोराला धरले आणि हे का केलेस, असे विचारले. तुमच्या जुलमी कारभाराचा निषेध म्हणून, असे उत्तर आले. साहेबांच्या धीराचे कौतुक मी करतो, आणि सोलापूर विसरतही नाही. दोन्ही एका मनात मावतात.

आता कायदा. खुनाच्या प्रयत्नाचे कलम ३०७ म्हणजे इंग्रजांनी १८६० साली लिहिलेली एक छोटी नीतिकथामालाच आहे. बंदूक विकत घेऊन भरली, तर हा गुन्हा अजून झाला नाही. मारण्याच्या हेतूने झाडली, की झाला. विष अन्नात कालवून स्वतःजवळ ठेवले, तोवर नाही. ते ताट त्या माणसापुढे मांडले, की झाला. पण ताट मांडले आणि विषच निकस निघाले तर? गोळी सुटली आणि पाकीट आडवे आले तर?

जुना दाखला आरोपीच्या बाजूचा होता. १८६७ साली ह्याच कोर्टापुढे कॅसिडी नावाच्या माणसाचा खटला आला होता. त्याने बंदूक रोखली होती, पण तिच्यावर टोपीच चढविलेली नव्हती. चढविली आहे अशी त्याची समजूत, एवढेच. चाप ओढण्यापूर्वीच त्याला अडविले गेले. तेव्हाचे मुख्य न्यायाधीश कूच म्हणाले, ३०७ लागायचे तर कृत्यच मुळात जीव घेण्याजोगे हवे. ह्या धाग्याला धरून गोगट्यांची गोळीही जीव घेऊ शकत नव्हती, असे म्हणता आले असते.

मुख्य न्यायाधीश बोमंट ह्यांनी ते मानले नाही. त्यांचा विचार साधा, पण पक्का होता. ज्या कृत्याने माणूस मेला नाही, ते एका अर्थाने मरण आणायला अपुरेच पडलेले असते. मग प्रयत्नाचा गुन्हा कधी सिद्धच व्हायचा नाही. म्हणून पाहायचे ते असे, की मध्ये काही आडवे आले नसते, तर नेहमीच्या क्रमाने खून झाला असता का? योगायोग साहेबांच्या छातीवर होता. गोगट्यांच्या हातात तो नव्हता. आठ वर्षांची सक्तमजुरी झाली.

उलट्या बाजूची गोष्ट नानावटींची. तेथे १९५९ साली माणूस मेला, आणि बचाव होता की झटापटीत पिस्तूल आपोआप उडाले. मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना सोडले. सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ते अपघाताचे म्हणणे फेटाळले. गोगट्यांनी अपघाताचा आडोसा घेतला नाही, हे त्यांच्याविषयी नोंदवलेच पाहिजे. ते १९३७ साली सुटले आणि पुढे ज्या पुण्यात गोळी झाडली, त्याच पुण्याचे महापौर झाले. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली. ३०७ आता भारतीय न्याय संहितेत १०९ झाले आहे. विषाची वाटी मात्र अजून तिथेच.

त्या पोराला मी शेवटी एवढेच विचारले, "दगड मारलास कशाला?"

"चिंचेला."

चिंच त्याच्या पाठीमागे होती.