पोटात गोळा का येतो? कल्याणच्या छावणीपासून आतड्याच्या अस्तरापर्यंत

१/१० उल्हासनगरमध्ये पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असे म्हणतात. हा ‘कॅम्प’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरातून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचे नाव त्या नगराला मिळाले.

२/१० घरदार आणि पेढी मागे टाकून, गोदीतून थेट बराकीत पोहोचलेल्या माणसाच्या पोटात काय होत असेल? ‘धास्तीने पोटात गोळा आला’, ‘चिंतेने अन्नावरची वासना उडाली’ असे मराठी माणूस पिढ्यानपिढ्या म्हणत आला आहे. १९४७ च्या वैद्यकाला मात्र या अनुभवाचा पुरता उलगडा झालेला नव्हता. तो कसा होत गेला, हे या मालिकेत पाहू.

३/१० पहिला धागा अमेरिकेत सापडतो. १८२२ मध्ये बंदुकीच्या गोळीने अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाच्या जठराला भोक पडले आणि ते पुढे कधीच पूर्ण बुजले नाही. त्या वाटेने लष्करी शल्यचिकित्सक विल्यम ब्यूमाँट यांनी जठर प्रत्यक्ष पाहिले. राग वा भीतीच्या वेळी अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट होते, असे त्यांनी १८३३ च्या ग्रंथात नोंदवले.

४/१० पुढे हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या पोटाची हालचाल क्ष-किरणांखाली पाहिली. मांजर बिथरले की जठराची हालचाल थांबे. १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी दाखवले की थंडी, इजा, विष अशा निरनिराळ्या आघातांनी उंदरांच्या जठराला सारखेच व्रण पडतात. आज आपण सहज वापरतो ती ‘ताण’ ही वैद्यकीय कल्पना येथून रुजली.

५/१० माणसांतील पुरावा युद्धाने दिला. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर तेथील रुग्णालयांत व्रण फुटून आलेल्या रुग्णांची संख्या वाढली. ‘लॅन्सेट’मध्ये १९४२ साली हे प्रसिद्ध झाले. अवघ्या पाच वर्षांनी कल्याणच्या बराकी भरू लागल्या.

६/१० पण आतड्याचा ‘तट’ अजून कोणी नीट पाहिलेला नव्हता. आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्याच्या आत अन्न आणि असंख्य जिवाणू, बाहेर आपले रक्त. शेजारच्या दोन पेशींना चिकटवणारे घट्ट सांधे १९६३ मध्ये मेरिलिन फारकर आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट वर्णिले. हे सांधे गरजेनुसार सैल वा घट्ट होतात, हे पुढे उमगले.

७/१० धास्तीने ते सैल होतात का? २०१४ मध्ये बेल्जियममधील लूव्हेनच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर भाषण करायला लावले. आधी पाजलेल्या दोन शर्करा लघवीत किती उतरतात, यावरून आतड्याची गळती मोजली. ज्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक लक्षणीय वाढले, त्यांच्यात गळतीही वाढली.

८/१० मधला दुवाही सापडला. मेंदू ताणाच्या वेळी सोडतो ते सीआरएच संप्रेरक टोचल्यावर तोच परिणाम दिसला. आतड्यातील मास्ट पेशींना शांत ठेवणारे औषध आधी दिले, की तो टळला. म्हणजे मेंदूचा निरोप मास्ट पेशींना पोहोचतो आणि त्यांतून सुटणारी द्रव्ये तट सैल करतात.

९/१० येथे सावध राहायला हवे. जठरव्रणाचे खापर कित्येक दशके चिंतेवर फोडले गेले. १९८० च्या दशकात वॉरेन आणि मार्शल यांनी त्यामागील हेलिकोबॅक्टर जिवाणू दाखवला आणि त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. छावणीतही तेच ध्यानात ठेवावे. जेथे नळ आणि संडास सामायिक असतात, तेथे दूषित पाण्यातील जंतू हाच तट कोणत्याही चिंतेविना सैल करतात. भाषणाच्या प्रयोगातून एवढेच सिद्ध होते, की अल्पकाळचा ताणही तटाला हलवतो. सगळे आजार तेथून उपजतात, असे नव्हे. म्हणून ‘गळके आतडे’ बरे करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांपासून दूरच राहावे.

१०/१० तरीही या इतिहासाचे एक देणे आहे. निर्वासिताच्या पोटदुखीला ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणे चूक होते. धास्ती अस्तरापर्यंत खरोखर पोहोचते. दिलासा असा, की हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. त्याला हवे स्वच्छ पाणी, पोटभर अन्न आणि उद्याची थोडी निश्चिंती. १९४९ मध्ये छावणीचे नगर झाले, तेव्हा बराकींतल्या माणसांना नेमके हेच हवे होते. आज पहाटे बदलापूरहून लोकल पकडणाऱ्याने पोट बिघडल्याचे सांगितले, तर त्याला पाण्याविषयी विचारावे आणि काळजीविषयीही.