मोटारीच्या रंगाचे पॉलिश

मोटारीला पॉलिश करण्याची रीत रंगाच्या रसायनाबरोबर बदलत गेली. 1923 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ हा लॅकर रंग आणला. तो झटपट वाळे, पण चकाकीसाठी घासावा लागे. महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी मोटारी बाहेर पडल्या. अशा गाड्यांचा रंग उन्हाने फिका पडला की रबिंग कंपाउंडने वरचा निस्तेज थर काढत, मग मेण लावून मऊ कापडाने पुसत. 1980 नंतर रंगावर पारदर्शक क्लिअर कोट रूढ होत गेला. हा थर पातळ असल्याने यंत्रानेही बेतानेच घासावे लागते. पॉलिश करण्याआधी गाडीवरची धूळ पाण्याने धुऊन काढावी; कोरडे पुसल्यास रंगावर चरे पडतात.